दोन वितींचं टेबल

मासे कापायला कॉम्प्युटर कशाला लागतो, हा प्रश्न गेल्या दोन वर्षांत मला इतक्या लोकांनी विचारला आहे की मी आता उत्तर द्यायचं सोडलं आहे. नागपूरच्या ऑफिसातल्या सहकाऱ्यांनी विचारला. राउटर मशीनवर प्लाय कापून देणाऱ्या कारागिरानं विचारला. आमच्या वस्तीतल्या एका म्हाताऱ्यानं तर बिडी विझवून, नीट पुढे सरकून विचारला. लागतो. बँकेत नोटा मोजणाऱ्या माणसाच्या कोपरासाठी लागत असेल, तर माझ्या बहिणीच्या गुडघ्यासाठीही लागतो. यापुढे कोणाला समजावून सांगणार नाही. जे झालं ते फक्त लिहून ठेवतो, माझ्या चुकांसकट.

मी फर्निचरच्या कंपनीत ड्राफ्ट्समन आहे. सुरुवातीला बोर्डावर पेन्सिलीनं टेबलं काढली, मग स्क्रीनवर. बँकांची काउंटरं, शाळांची बाकं, साहेब लोकांची गोलाकार टेबलं. आता आम्ही जे काम करतो त्याला पॅरामेट्रिक मॉडेल म्हणतात. टेबलाची प्रत्येक बाजू वेगळी आखायची नाही. आधी काही मोजके आकडे ठरवायचे आणि बाकी सगळं त्या आकड्यांना बांधून टाकायचं. बसणाऱ्याची उंची बदलली की पाय, फळी, खाचा, सगळं आपोआप बदलतं. हे आम्ही पहिल्यांदा शिकलो तेव्हा ऑफिसातले सगळे चकित झाले होते, मी झालो नाही. माझे वडील जाळं विणायचे. जाळ्याचं भोक दोन बोटं धरून विणलं की एक मासा अडकतो, चार बोटं धरून विणलं की दुसरा. बोटं बदलली की सगळं जाळं बदललं. पण ही गोष्ट मी ऑफिसात कोणाला सांगितली नाही. आम्ही ढिवर, तलावात आणि वैनगंगेत मासे धरणारे, हे मी तिथे कधीच सांगितलं नव्हतं.

आमचं गाव मोहाडी तालुक्यात, तलावाला लागून आहे. मासे पुरुष धरतात, बाजारात बाया विकतात. आई विकायची. ती गेल्यावर तिच्या जागेवर माझी मोठी बहीण बसू लागली. तिला मी बाई म्हणतो, ती मला बाबू म्हणते, माझे केस पिकले तरी. आमच्या भागातल्या एका आठवडी बाजारात, नालीच्या कडेला, मासळीवाल्या बायांची रांग असते. गावाचं नाव लिहीत नाही, कारण माझं भांडण गावाशी नाही. त्या रांगेतल्या जागा कुठल्या कागदावर नाहीत, पण नियम पक्का आहे. लागोपाठ तीन बाजार जागा रिकामी राहिली की ती दुसरीची झाली.

दोन वर्षांपूर्वी बाईचे गुडघे गेले. डॉक्टरांनी सांगितलं, उकिडवं बसायचं नाही, खाली बसून काम करायचं नाही.

"डॉक्टर म्हणते खाली बसू नका," बाई मला फोनवर म्हणाली. "मंग काय झाडावर बसू?"

"घरी राहा ना आता. भाऊजी आहेत, पोरं कमावतात."

"घरी काय करू? भिंतीशी बोलू? माही जागा आहे तठी. आईची जागा आहे. एक बाजार गेला, आता दोन रायले."

एवढंच होतं. दोन बाजारांच्या आत तिला खाली न बसता मासे कापता यायला हवे होते, नाहीतर तिची जागा जाणार होती. मी म्हणालो, मी टेबल करतो. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मी घरच्यांसाठी टेबल करणार होतो.

चार दिवसांत पहिला नमुना तयार केला. ऑफिसात स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी जे आकडे वापरतो तेच घेतले. उंची आठशे साठ मिलिमीटर, वर पाणी वाहून जायला थोडा उतार, कडेला पन्हळ, खाली बादलीत सोडलेली नळी. मधोमध बाईची पावशी बोल्टनं घट्ट बसवली. पावशी म्हणजे पुण्याकडची विळी. जीपच्या टपावर बांधून टेबल गावात आणलं. वस्ती जमली.

"काय गा बाबू, इस्त्रीचं दुकान टाकतं काय?" भाऊजी म्हणाले.

बाईनं टोपलीतून मोठा रोहू काढला, टेबलासमोर उभी राहिली आणि माशाचं डोकं पात्यावर रेटलं. टेबल वीतभर मागे सरकलं. ती एक पाऊल पुढे गेली, पुन्हा रेटलं. टेबल पुन्हा सरकलं. तिसऱ्या वेळी ते भिंतीला जाऊन टेकलं आणि मासा अजून अर्धाही कापला गेला नव्हता.

"पळून रायलं गा हे! धरा, धरा!" भाऊजी हसून हसून खाली बसले.

बाई हसली नाही. "आन् पाय कुठं ठेवू?" तिनं विचारलं.

"पाय कशाला? पावशी बोल्टनं बसवली आहे."

तिनं पावशी सोडवायला लावली, दुखऱ्या गुडघ्यांनी खाली बसली, उजवा पाय पावशीच्या पाटावर दाबला आणि दोन झटक्यांत माशाचे दोन तुकडे केले. "जोर हातात नसते रे. पायात असते. पाय नाई टेकला त हाताले जोर कुठून येईन?" आणि उठायला माझ्या खांद्याचा आधार घेत म्हणाली, "शिवाय बाकीच्या बाया बसतीन आन् मी उभी राहीन? मी काय पोलीसवाली आहो?"

बँकेच्या कॅशियरचं कोपर टेबलाच्या किती वर असावं हे मला झोपेतही सांगता येतं. ज्या घरात मी मासे खाऊन मोठा झालो त्या घरात मासा पायाच्या जोरावर कापला जातो, हे मला माहीत नव्हतं. मी कधी बघितलंच नव्हतं. बघायचं टाळत होतो, असं लिहिणं जास्त खरं आहे.

इथे ती गोष्ट लिहावी लागेल. तंत्रनिकेतनात शिकत होतो तेव्हा दोन मित्रांबरोबर त्याच बाजारातून जात होतो. आई रांगेत बसली होती, शेजारी बाई. आईनं मला पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर हसू आलं, माझ्या नावाचं पहिलं अक्षर तिच्या ओठांवर आलं. मी नजर फिरवली नाही, पण चेहराही ओळखीचा ठेवला नाही. तिला ते कळायला एक क्षण लागला. मग ती म्हणाली, "काय देऊ साहेब? मरळ आहे, ताजी आहे."

मी म्हणालो, "काही नको." आणि पुढे गेलो.

तिनं मला वाचवलं होतं. मला गिऱ्हाईक करून टाकलं, म्हणजे मित्रांना काही कळू नये. त्यानंतर ती बारा-तेरा वर्षं जगली आणि एकदाही त्याबद्दल बोलली नाही. नोकरीच्या फॉर्मवर आईच्या व्यवसायापुढे मी 'गृहिणी' लिहिलं. रोज माणसाच्या पाठीचे, मांडीचे, गुडघ्याचे कोन मोजत होतो, आणि आई दर आठवड्याला नालीच्या कडेला आठ-आठ तास उकिडवी बसत होती. शेवटी तिला मोरीपर्यंत धरून न्यावं लागायचं. हे वाचून कोणी म्हणेल की वय लहान होतं. मित्रांसमोर लाजलो तेव्हा लहान होतो. फॉर्म भरला तेव्हा नव्हतो.

दुसरं टेबल मी बसून वापरायचं केलं. आता विचार सरळ होता. बाई मासा पुढे रेटते म्हणजे पातं पुढे ढकललं जातं आणि तिचं अंग मागे. तर बैठक आणि पातं एकाच सांगाड्यात हवं. मग पुढचा रेटा आणि मागचा रेटा त्याच लाकडात भिडतील आणि टेबल जागचं हलणार नाही. उजव्या पायाखाली तिरपी फळी, तीही त्याच सांगाड्याला जोडलेली. बाजारातली जमीन उंचसखल, म्हणून पाय चार नाहीत, तीन. तीन पायांचं टेबल कुठेही ठेवा, डुगडुगत नाही. बैठकीच्या बाजूला टोपली ठेवायला खालचा कप्पा, म्हणजे गिऱ्हाइकाला वाकून माशाचे कल्ले उघडून बघता येतील. तसं बघितल्याशिवाय आमच्याकडे कोणी मासा घेत नाही.

माझ्याकडे वेळ नव्हता, म्हणून मापं फोनवर घेतली. घरात टेप नव्हता. असता तरी बाईनं लावला नसता. ती वितीनं मोजून सांगत गेली. "टाचेपासून गुडघ्याच्या मांगच्या लवणापर्यंत दोन वीत. बुडापासून गुडघ्यापर्यंत अडीच वीत आन् दोन बोटं. हात लांब केला त तीन वीत." मला ते आवडलंही. मॉडेलमध्ये पहिला आकडा मी 'वीत' या नावानंच ठेवला आणि सगळं टेबल त्याला बांधलं. शाळेत शिकवलं होतं, वीत म्हणजे नऊ इंच. मी दोनशे एकोणतीस मिलिमीटर लिहून मोकळा झालो.

टेबल गावात आलं. बाई त्यावर बसली आणि तिचे पाय हवेत लोंबकळले.

"अरे बापा! हे कोन्या पहिलवानासाठी बनवलं?" तिनं पाय हलवून दाखवले. शेजारच्या बाया भिंतीवरून बघत होत्या. "पाळण्यात बसल्यासारखं वाटून रायलं मले."

मी म्हणालो, "तूच सांगितलं ना, दोन वीत."

"मंग दोनच वीत आहे. मोज."

तिनं हात पुढे केला आणि मी पट्टी लावली. तिची वीत सात इंचांची होती. अंगठा पूर्ण उघडत नव्हता. कधीतरी शिंगूर माशाचा काटा मुळाशी शिरून सांधा आखडला होता. बोटांवर बारीक पांढरे वण होते, पाच-सहा नाही, कितीतरी. मी पंचेचाळीशी ओलांडली होती आणि बहिणीचा हात पहिल्यांदा बघत होतो. ती फोनवर मला स्वतःच्या हातानं मोजून सांगत होती आणि मी शाळेच्या पुस्तकातला हात लिहीत होतो.

"काय बघतं? माशाचाच हात आहे तो," ती म्हणाली आणि हात काढून घेतला.

मी तिच्यासमोरच लॅपटॉप उघडला. दोनशे एकोणतीस खोडून एकशे अठ्ठ्याहत्तर लिहिलं. स्क्रीनवरचं टेबल आक्रसलं. बैठक खाली आली, पायाची फळी वर सरकली, पातं जवळ आलं. बाई पुढे वाकली.

"पुन्यांदा कर."

मी पुन्हा केलं. मोठं, लहान, मोठं.

"बाबाच्या जाळ्यासारखं आहे का हे? बोटं बदलली का सारं बदलते?"

मी मान हलवली. ऑफिसात मोठमोठ्या साहेबांना हे समजावताना अर्धा दिवस जायचा.

"मंग हिचं टाक," तिनं भिंतीपलीकडच्या बाईकडे बोट केलं. "ये वो, वीत दाखव. हिची त राक्षसाची आहे."

घाईत अजून एक चूक केली, तीही सांगून टाकतो. प्लायची जाडीसुद्धा मी वितीलाच बांधली होती. वीत लहान झाली, तशा फळ्या अडकवायच्या खाचाही बारीक झाल्या. कारखान्यातून येणारा प्लाय मात्र अठरा मिलिमीटरचाच. राउटरवाला खाचांकडे बघून म्हणाला, "सर, पुठ्ठा बसवायचा आहे का यात?" कुठला आकडा माणसाबरोबर बदलतो आणि कुठला कोणासाठीच बदलत नाही, हे आधी वेगळं करावं लागतं. इतकी वर्षं हे काम करून मी तिथे चुकलो. त्या चुकीत दुसरा बाजारही गेला. आता एकच उरला होता.

तिसरं टेबल बाजाराच्या आदल्या दिवशी दुपारी अंगणात उतरलं. बाई बसली. टाच टेकली. उजवा पाय फळीवर दाबला, रोहूचं डोकं पात्यावर रेटलं. टेबल हललं नाही. तिनं सगळी टोपली संपवली. मग म्हणाली, "पातं बोटभर डावीकडे घे." मी घेतलं.

भाऊजी म्हणाले, "पण याले टेबल कसं म्हणायचं गा? हा त पाटच आहे, पाय लावलेला."

मी म्हणालो, टेबलच म्हणायचं. कोणी काहीही म्हणो. ऑफिसात बसणाऱ्याला टेबल मिळतं आणि आमच्या बायांना पाट, हे मला चालणार नाही.

बाजारात सकाळी टेबल मांडलं तेव्हा पहिला हल्ला रांगेतूनच आला.

"सिंव्हासन आलं वो बाई!"

"राणीसायेब, आमाले बी दर्शन द्या."

"जळा, जळा," बाई म्हणाली. "जळणाऱ्याचे गुडघे आधी जाते."

तासाभरानं बाजाराच्या ठेकेदाराचा माणूस जागेचे पैसे घेत, चिठ्ठ्या फाडत आला. तो टेबलापाशी थांबला.

"हे काय? फर्निचर नाई चालत इथं. मासळीवाल्यांनी खाली बसायचं."

"कुठं लिवलं आहे?" बाईनं विचारलं. हात चालूच होते.

"लिवायले कायले पाहिजे? आधीपासून तसंच आहे. मांगच्या कपड्यावाल्याची तक्रार आहे, वास वर येते म्हणे."

"दोन वीत वर बसली त वास दोन वीत वर गेला? मासा मी कापतो का वास कापतो?"

मी पुढे झालो. नियम काय आहे, अधिकार कोणाला आहे, असं मी ऑफिसच्या मराठीत बोलू लागलो. त्यानं मला वरखाली बघितलं. "तुमी कोन?"

"मी हिचा भाऊ," मी म्हणालो. मोठ्यानं म्हणालो. "ही माझी बहीण आहे. इथे माझी आई बसायची."

हे वाक्य म्हणायला मला पंचवीस वर्षं लागली होती. मला वाटलं होतं, ते म्हटल्यावर काहीतरी होईल. काही झालं नाही. गिऱ्हाइकं मासे बघत होती. तो माणूस म्हणाला, "भाऊ आहा त समजवा तिले." आणि टेबल उचलायला वाकला.

बाईनं पावशीवरून हात काढले आणि मांडीवर ठेवले. "उचल. माह्यासकट उचल."

बैठक आणि टेबल एकच. ते हलवायचं तर भर बाजारात माझ्या बहिणीला हलवावं लागणार होतं. त्यानं कड धरून बघितली, सोडली, पुन्हा धरली. आतापर्यंत टोमणे मारणारी सगळी रांग एकदम त्याच्यावर तुटून पडली.

"वरात काढतं का गा? वाजंत्री कुठं आहे?"

"बायको घरी आहे ना रे तुही? सांगू का तिले?"

तो कान लाल करून उभा राहिला. "पुढच्या बाजारी पाहतो," म्हणून निघून गेला.

परतताना जीपमध्ये मी बाईला म्हणालो की आई हे बघायला हवी होती. ती खिडकीबाहेर बघत होती. तशीच बघत म्हणाली, "तू हे आईसाठी करून रायला का?"

त्या दिवशी बाजारात, जेव्हा आईनं मला साहेब म्हटलं, ती शेजारीच होती. तिला सगळं माहीत होतं.

"आई गेली. तिले आता टेबल नाई लागत. मले लागते. माह्यासाठी करशीन त कर. आईच्या नावानं मले नको बसवू वर."

मला ते लागलं, आणि मी ते विसरणार नाही. पण त्या दिवसापासून काम सोपं झालं. आईची माफी या टेबलातून मिळणार नाही. कशातूनच मिळणार नाही. ते माझ्याकडेच राहणार आहे आणि राहू दे. बहिणीचे गुडघे ही वेगळी गोष्ट आहे. त्यासाठी मी ठेकेदाराशी भांडेन, कपड्यावाल्याशी भांडेन, 'आधीपासून असंच आहे' म्हणणाऱ्या प्रत्येकाशी भांडेन. ऑफिसात माझ्या टेबलावर मी आता त्या मॉडेलचं चित्र लावलं आहे. कोणी विचारलं तर सांगतो, माझी बहीण मासे विकते, तिचं आहे.

पुढच्या बाजारी मी सुट्टी काढून गेलो. बाई नको म्हणाली होती, "तू डोक्यावर उभा रायला का गिऱ्हाईकाले वाटते, धाड पडली." आम्हाला जीप मिळायला उशीर झाला होता आणि मला भीती होती की ठेकेदाराच्या माणसानं तिच्या जागेवर दुसरं कोणी आणून बसवलं असेल. जागेवर रांगेतल्या दोघींनी आपल्या टोपल्या पसरून ठेवल्या होत्या. आम्हाला पाहून त्यांनी त्या ओढून घेतल्या. एकीनं फक्त एवढं विचारलं की तिच्या मापाचं करायचं तर किती दिवस लागतील, आणि ते बाईपेक्षा बोटभर उंच करता येईल का.

ठेकेदाराचा माणूस आला. रांगेच्या टोकापासून चिठ्ठ्या फाडत आला. बाईपाशी थांबला, टेबलाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. ती मरळ साफ करत होती, तिनं मान वर केली नाही. त्यानं चिठ्ठी फाडून टेबलाच्या कडेवर ठेवली आणि पुढे गेला. पुन्हा कधी तो काही काढेल, मला माहीत आहे. आम्ही इथेच आहोत.

संध्याकाळी बाजार उठायला लागला. बाया एकमेकींच्या खांद्याला धरून कण्हत उठत होत्या. बाईलाही गेली कित्येक वर्षं कोणाचा तरी खांदा लागायचा. मी हात पुढे केला. ती दोन्ही पाय टेकवून आपली आपण उभी राहिली, लुगडं झटकलं, माझा पुढे केलेला हात बघितला आणि त्यात माशांच्या पाण्याची भरलेली बादली दिली.

"नालीत वत," ती म्हणाली. "आन् पँटीवर नको सांडवू."